पन्हाळ्यावरच्या सात कुंड्या

मी कोल्हापुरात गच्चीवरच्या आणि अंगणातल्या बागांना सल्ला देते. हे प्रकरण एका ज्येष्ठ जोडप्याचं आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे, पण ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्यांना काका-काकू म्हणत होते, इथंही तसंच म्हणते. कुंडीतली लिंबूवर्गीय झाडं थंड जागी नेली की ती थंडीनं मरतात, असं बहुतेकांना वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. या सात कुंड्यांनी माझं ते मत बदललं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते.

पार्श्वभूमी

काका निवृत्त झाले आणि कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला उन्हाळा नि गोंगाट त्यांना सोसेनासा झाला. दोन-तीन वर्षं पन्हाळ्यावर भाड्यानं घर घेऊन राहायचं ठरलं. मे महिन्याच्या अखेरीस टेम्पो भरला. सगळ्यात शेवटी सात कुंड्या चढल्या: कागदी लिंबाची चार झाडं, एक मोसंबी, एक संत्रं आणि एक ईडलिंबू. ईडलिंबाचं झाड काकूंनी माहेरच्या फळाच्या बीपासून वाढवलं होतं. घरातलं लोणचं त्याच झाडाचं. बाकीची सहा गेली असती तरी त्यांनी सोसलं असतं, हे मात्र नाही.

राजारामपुरीच्या गच्चीवर झाडं उत्तम होती. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन. निळे ड्रम आडवे अर्धे कापून केलेल्या कुंड्या, त्यात पंचगंगेकाठच्या एका नातेवाइकाच्या मळ्यातली काळी माती आणि शेणखत. काकू रोज सकाळी पूजा झाली की तुळशीला पाणी घालून मग प्रत्येक झाडाला तांब्या-दोन तांबे घालत. त्या उन्हात, त्या गच्चीवर ते बरोबरच होतं. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या फरशीवर ठेवलेली कुंडी दिवसभरात सुकते.

पन्हाळा कोल्हापुरापासून अवघा वीसेक किलोमीटर. पण उंची सुमारे ३,१०० फूट, म्हणजे शहरापेक्षा हजारभर फूट जास्त. जून ते सप्टेंबर धुकं, वारा आणि पाऊस. १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या रात्री निसटले, त्या रात्रीचा पाऊस आपल्याकडं प्रत्येक पोराला पाठ असतो. तो पाऊस आजही तसाच पडतो, आणि झाडाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि माती सुकत नाही. हिवाळ्यात आभाळ मोकळं होतं, दिवसा लख्ख ऊन पडतं आणि पहाटे चांगलंच गारठतं.

घर भाड्याचं असल्यामुळं झाडं जमिनीत लावायचा प्रश्नच नव्हता. शिवाय अंगणात वीतभर मातीखाली जांभा लागत होता.

अडचण

कुंड्या घराच्या पश्चिमेला, उघड्या कट्ट्यावर ठेवल्या गेल्या. तिथून दरी दिसते आणि दुपारचं ऊन भरपूर येतं. मे महिन्यात ती जागा पाहून कुणीही तेच केलं असतं. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून प्रत्येक कुंडीखाली प्लॅस्टिकची ताटली होती.

जुलैच्या शेवटी पानं पिवळी पडायला लागली. आधी कागदी लिंबाची, मग संत्र्याची. शहरातल्या एका रोपवाटिकेत फोटो दाखवल्यावर लोह कमी पडल्याचं सांगण्यात आलं, म्हणून हिराकशीची फवारणी झाली. पंधरा दिवसांत फरक पडेना, तेव्हा दर कुंडीला चमचाभर युरिया पडला. ऑगस्टमध्ये नवीन फूट आली, पण ती फिकट आणि लिबलिबीत होती. नागअळीनं त्या पानांवर वेड्यावाकड्या चंदेरी रेघा ओढल्या. गणपतीत संत्र्याची पानं झाडावरच सुकून लोंबायला लागली. विसर्जनानंतर आठवड्याभरात झाड गेलं. त्याच सुमारास मोसंबीच्या खोडातून, मातीला लागून, मधासारखा डिंक पाझरताना काकांना दिसला.

मला फोन आला तो दसऱ्यानंतर. काकू म्हणाल्या, "बाई, इथली थंडी ह्यांना बाधली बघा. मी तर रोज पाणी घालतो, खत घालतो, काय कमी केलं नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. सगळं निदान त्यातच होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

तपासणी

मी गेले तेव्हा ऑक्टोबरचं छान ऊन होतं. हवा थंड नव्हतीच. दुपारी अंगात घाम येत होता. जूनपासून तोवर पन्हाळ्यावर लिंबाला बाधेल अशी थंडी एकदाही पडलेली नव्हती. पावसाळ्यात हवा गार असते, पण ती विसाच्या आसपासची गार. लिंबूवर्गीय झाडांची वाढ साधारण बारा-तेरा अंशांखाली थांबते, आणि पानं-फांद्या जळायला तर पारा शून्याच्या आसपास किंवा खाली जावा लागतो. तेव्हा थंडी हे कारण असू शकत नव्हतं. काकूंना हे पटवायला मला अर्धा तास लागला, कारण अंगावर शाल घेऊन बसलेल्या माणसाला झाड गारठलेलं नाही हे पटणं अवघड असतं.

मग पानं पाहिली. लोह कमी असेल तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. इथं जुनी पानं शिरांसकट पिवळी होती आणि कोवळी पानं लोह कमी पडल्यासारखी दिसत होती. दोन्ही लक्षणं एकाच झाडावर. असं झालं की मी पानं सोडून मुळांकडं जाते. मातीत लोह असूनही मूळ ते उचलू शकत नसेल, तर पान लोहाची कमतरताच दाखवणार. रोपवाटिकेनं पान वाचलं होतं, आणि ते चूकही वाचलं नव्हतं. कुंडी उलटी करून पाहायची राहून गेली होती, एवढंच.

काका आणि मी मिळून ईडलिंबाची कुंडी आडवी केली. तळाच्या तीन भोकांपैकी दोन मुळांनी बुजली होती, तिसऱ्यावर खापरी घट्ट बसली होती. माती काळी, चिकट, आणि तिला गटारासारखा वास. पाऊस थांबून आठ दिवस झाले होते तरी मूठ दाबली की बोटांतून पाणी यायचं. बारीक मुळं तपकिरी. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येत होती आणि आत नुसता दोरा उरत होता. ही मूळकुजीची खूण. फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी जीवजात साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोचते. तीच खोडाला लागली की डिंक्या होतो. मोसंबीचा डिंक तोच.

ताटल्यांत अजूनही बोटभर पाणी होतं.

इथं अर्ध्या ड्रमबद्दल थोडं लिहिते, कारण आपल्याकडं घरोघरी हेच वापरतात. कोणत्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावरही तळाचा काही इंचांचा थर चिंब राहतो. माती जितकी बारीक, तितका तो थर जाड. कुंडी उंच असेल तर वर भरपूर कोरडी जागा उरते, उथळ असेल तर अर्धी कुंडीच चिंब. आडव्या कापलेल्या ड्रमात काळी माती म्हणजे उथळ भांड्यात चिखल. तळाला खडी घातली की निचरा होतो हाही गैरसमज आहे. बारीक माती पाण्यानं पूर्ण भरल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही, त्यामुळं चिंब थर तसाच राहतो आणि तो मुळांच्या आणखी जवळ येतो. राजारामपुरीच्या उन्हात या चुका झाकल्या गेल्या होत्या. रोज संध्याकाळपर्यंत ऊन माती सुकवत होतं.

पर्याय

त्या दिवशी पडवीत बसून आम्ही बराच वेळ बोललो. काकांचा कल झाडं परत कोल्हापुरात मुलीच्या गच्चीवर पाठवायचा होता. खरं तर झाडांसाठी तोच सगळ्यात सोपा मार्ग होता. पण मुलगी नोकरी करते, पाणी कोण घालणार हा प्रश्न होता. आणि काकू म्हणाल्या, "झाडं तिकडं आणि मी इकडं, मग मी इथं करू काय?" या कारणाला मी कमी लेखत नाही. झाडं माणसांसाठी होती.

दुसरा पर्याय म्हणजे प्लॅस्टिकचं छोटं घर उभारणं. खर्च होता, घरमालकाची परवानगी लागणार होती, आणि पन्हाळ्याच्या वाऱ्यात ते टिकेल याची मला खात्री नव्हती. तो सोडला.

खरा वाद झाला तो माती बदलण्याच्या वेळेवर. हिवाळ्याच्या तोंडावर मुळांना हात लावू नये, फेब्रुवारीत नवी पालवी फुटताना कुंडी बदलावी, असं मी नेहमी सांगते. पण इथं फेब्रुवारीपर्यंत मुळं उरतील का, ही शंका होती. दुसरीकडं ऑक्टोबरमध्ये माती अजून उबदार होती. थंडी पडायला पाच-सहा आठवडे होते, आणि तेवढ्यात थोडी नवी मुळं फुटू शकत होती. मोसंबीच्या डिंक्याला तर थांबायला वेळच नव्हता.

मी मधला मार्ग काढला. ज्या तीन झाडांची अवस्था वाईट होती, म्हणजे ईडलिंबू, मोसंबी आणि एक कागदी लिंबू, त्यांची माती लगेच बदलायची. उरलेल्या तीन कागदी लिंबांच्या ताटल्या काढायच्या, भोकं मोकळी करायची, आणि माती फेब्रुवारीपर्यंत तशीच ठेवायची. त्या तिघांची पानं त्या मानानं बरी दिसत होती. हा निर्णय माझा होता आणि पुढं तो अर्धा चुकला.

काय केलं

पहिलं काम जागेचं. शेजारचे एक शेतकरी मामा आले होते. त्यांनी पश्चिमेचा कट्टा पाहिला आणि म्हणाले, "ह्या अंगाला पावसाळ्यात माणूस उभा राहत न्हाई, तर झाड कसं राहील?" घराच्या दक्षिणेला जांभ्याच्या चिऱ्यांची उंच भिंत होती. पश्चिमेचा वारा तिथं अडतो, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो म्हणून दिवसभर ऊन लागतं, आणि दिवसा तापलेला दगड रात्री थोडी ऊब सोडतो. सगळ्या कुंड्या तिथं, विटांवर. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं मामांना.

मग माती. तिथलीच जांभ्याची तांबडी माती एक भाग, विटांचा चुरा आणि जाड वाळू मिळून एक भाग, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट मिळून एक भाग. पन्हाळ्याखालच्या गावांत भात पिकतो, म्हणून मामांनी पोतंभर तूस आणून दिलं. ते मी वरच्या आच्छादनापुरतं वापरलं. कच्चं तूस मातीत मिसळलं तर कुजताना ते नत्र ओढून घेतं, आणि या झाडांना ते परवडणारं नव्हतं. चुरा चाळून बारीक पूड काढून टाकणं महत्त्वाचं, नाहीतर पुन्हा तोच चिखल.

कुंड्या तशाच ड्रमच्या, पण या खेपेला अर्धा न कापता वरचा थोडाच भाग काढलेले उंच छोटे ड्रम घेतले. तळाला आठ भोकं, आणि तळापासून इंचभर वर बाजूलाही भोकं. खालची बुजली तरी बाजूची चालतात.

मुळं धुतली, कुजलेली कात्रीनं काढली. जेवढी मुळं गेली त्या मानानं फांद्या छाटल्या आणि हिरवी फळं सगळी तोडली. काकूंनी ती तोडताना तोंड फिरवलं. लावताना खोड आधीपेक्षा दोन इंच वर ठेवलं. मोसंबीचं कलम तर मातीत गाडलं गेलं होतं. डोळा भरल्याची, म्हणजे खुंटावर कलम जोडल्याची, गाठ नेहमी मातीच्या बरीच वर असावी. खालचा खुंट रोगाला थोडंफार सोसतो, वरची मोसंबी सोसत नाही.

डिंक आलेली साल चाकूनं हिरवी कड लागेपर्यंत खरवडली आणि बोर्डो पेस्ट लावली. प्रमाण शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं चालत नाही. झाल्यावर त्यात लोखंडी सुरी क्षणभर बुडवायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, थोडा वाढवायचा. मातीत मेटालॅक्झिल-मँकोझेब या बुरशीनाशकाची एक आळवणी, पाकिटावरच्या प्रमाणात. खत पूर्ण बंद.

आणि पाणी. हे सगळ्यात अवघड गेलं. काकूंना मी म्हटलं, "काकू, आता रोज पाणी नाही." त्या म्हणाल्या, "तुळशीला घालतो की, मग ह्यांना काय उपाशी ठेवू?" उपाशी हा शब्द मला लागला, कारण त्यांच्या मनात पाणी म्हणजे जेवण होतं. शेवटी मी बांबूची एक काडी दिली. ती मनगटाइतकी खोल खुपसायची, बाहेर काढून पाहायचं. माती चिकटली तर आज पाणी नाही. काडी कोरडी निघाली तर पाणी, तेही खालून निथळेपर्यंत भरपूर, सकाळी दहाच्या पुढं, उन्हात ठेवलेल्या बादलीतलं. रोज काडी घालून पाहायला त्यांना सांगितलं. रोजचं काम तसंच राहिलं, फक्त पाणी कमी झालं. नोव्हेंबरात हा अंतराल पाच दिवसांवर गेला, डिसेंबरात आठ-नऊ दिवसांवर.

थंडी

नोव्हेंबरच्या मध्यात मी एक चूक केली. कोरडा गार वारा सुरू झाला होता आणि नुकती हलवलेली झाडं कोमेजू नयेत म्हणून मी अर्ध्या सावलीची हिरवी जाळी बांधायला लावली. तीन आठवड्यांनी गेले तर सगळ्यांची माती ओली, फूट शून्य. हिवाळ्यात आधीच कमी असलेलं ऊन मी निम्म्यावर आणलं होतं. जाळी काढली आणि फक्त पश्चिमेला आडोसा म्हणून उभी केली. तीन आठवड्यांचं ऊन मात्र गेलं ते गेलं.

डिसेंबरात खरी थंडी पडली. एका सकाळी सात वाजता काकांनी मातीत थर्मामीटर खुपसला तेव्हा तो तेरा दाखवत होता. मुळांचं काम जवळजवळ थांबतं तो हा आकडा. पण दहा वाजता पानांवर लख्ख ऊन. पान तापतं, पाणी उडवतं, आणि खाली मूळ गार पडून झोपलेलं. झाड मग पानं टाकतं. बघणाऱ्याला वाटतं तहान लागली. तो पाणी घालतो, ओली माती तापायला आणखी वेळ लागतो, मूळ आणखी झोपतं, आणखी पानं गळतात. थंड हवेत कुंडीतलं लिंबू बहुतेक वेळा या चक्रात सापडतं.

याच सुमारास काकांच्या जर्मनीतल्या मुलाचा फोन आला. त्याच्याकडंही कुंडीत लिंबू आहे. त्यानं सांगितलं, थंडी आली की झाड घरात घ्यायचं. तिकडं ते अगदी बरोबर आहे. बाहेर बर्फ पडतो तिथं झाड आत न्यावंच लागतं. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात तर त्यासाठी १६८४ ते १६८६ दरम्यान भलीमोठी नारिंगशाळा बांधली, आणि लाकडी पेट्यांतली झाडं ऑक्टोबरात आत आणि मे महिन्यात बाहेर हा शिरस्ता आजही चालतो. पण तिथंही झाडं दक्षिणेकडच्या उंच खिडक्यांपाशी, गार हवेत ठेवतात. मुलाचं झाड शेगडीशेजारी होतं आणि जानेवारीत त्याचीही पानं गळत होती, हे पुढं कळलं. मी त्याला झाड बिनातापवलेल्या, उजेडाच्या खोलीत हलवायला आणि कुंडी थंड फरशीवरून लाकडावर घ्यायला सांगितलं.

इकडं मात्र काकूंनी मला न विचारता दाराजवळच्या दोन कुंड्या सोप्यात, म्हणजे घरातल्या पुढच्या खोलीत, घेतल्या. माती न बदललेल्या तिघांपैकी त्या दोन होत्या. सोप्यात दिवसाही दिवा लावावा लागतो. बारा दिवसांनी मला कळलं तेव्हा एका झाडाची निम्मी पानं खाली पडली होती आणि फांद्यांवर खवले कीड चढली होती. मुंग्यांची रांग लागली होती, त्यावरून ती सापडली. पन्हाळ्यावर पहाटे कितीही गारठा असला तरी तो लिंबाला मारण्याइतका नसतो. आत घेऊन ऊब मिळाली नाही, फक्त उजेड गेला. मी काकूंना रागावले नाही. मुलानं सांगितलेलं कोणती आई ऐकणार नाही?

कुंड्या पुन्हा भिंतीशी नेल्या. ड्रमना गोणपाट गुंडाळलं, वर तुसाचं आच्छादन घातलं. खवले जुन्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढले.

निकाल

माती बदललेली तिन्ही झाडं जगली. ईडलिंबाला डिसेंबरात एकही नवं पान फुटलं नाही, पण त्यानं जुनीही फारशी गाळली नाहीत. मोसंबीची जखम फेब्रुवारीपर्यंत कडेनं भरून आली.

माती न बदललेल्या तिघांपैकी एक कागदी लिंबू जानेवारीत गेलं. सोप्यात ठेवलेल्या दोघांपैकीच ते एक. ते कुजलेल्या मुळांनी गेलं की अंधारानं, हे आता वेगळं करून सांगता येत नाही. कुंडीतून काढलं तेव्हा मुळं मात्र ईडलिंबापेक्षाही वाईट होती. पानं बरी दिसत होती म्हणून मी ज्यांना थांबवलं होतं, त्यांच्यातलं हे झाड. उरलेल्या दोघांची माती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बदलली, ती जगली.

फेब्रुवारीच्या शेवटी आंबे बहाराची फुलं आली, मोसंबीला आणि दोन कागदी लिंबांना. पहिल्या वर्षी फुलं काढून टाकावीत असं मी सांगितलं. काकूंनी मोसंबीची काढली, लिंबाची ठेवली.

दुसऱ्या पावसाळ्याआधी भिंतीवरून उतरता पारदर्शक पत्रा टाकला, बाजू सगळ्या उघड्या. साधा पत्रा असता तर पुन्हा उजेडाचा प्रश्न आला असता. मे अखेरीस पुन्हा बोर्डो पेस्ट. जुलैत पाणी बहुतेक बंदच होतं, काडी कोरडी निघायला कधी कधी दहा दिवस लागायचे. वाऱ्याबरोबर आलेल्या पावसानं लिंबाच्या पानांवर खैऱ्या रोगाचे खरखरीत डाग आले. ती पानं काढून जाळली आणि ताम्रयुक्त औषध फवारलं. डाग पूर्ण गेले नाहीत, पण पुढं पसरले नाहीत. पानं पिवळी पडली नाहीत. दुसऱ्या दसऱ्याला सातपैकी पाच झाडं उभी होती आणि ईडलिंबाला तीन फळं होती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझ्या येण्याआधीची. झाडं मे अखेरीस हलवायला नको होती. जागेचा अंदाज येण्याआधीच पावसाळा अंगावर आला. ऑक्टोबरात नेली असती तर नव्या जागेत रुळायला त्यांना आठ महिने मिळाले असते, आणि पश्चिमेच्या वाऱ्याची गोष्ट मामांनी आधीच सांगितली असती. निदान ताटल्या तरी खाली टेम्पोत चढायला नको होत्या. पावसाळ्यात ताटली ठेवणं म्हणजे भोकं बुजवण्यासारखंच आहे.

माझी चूक ऑक्टोबरची. सहाही कुंड्या उलट्या करून पाहायला हव्या होत्या. मी तिघांच्या पानांवर विश्वास ठेवला. पान मुळांच्या मागं कित्येक आठवडे असतं. मुळं संपली तरी पान काही काळ हिरवं राहतं. आता मी पिवळेपणाची तक्रार आली की फोटो मागवतच नाही, कुंडी आडवी करून तळाचा फोटो पाठवा म्हणते.

जाळीची चूकही माझीच. आणि काकूंना काय करायचं नाही हे मी सांगितलं होतं, पण थंडी पडल्यावर काय करायचं हे सांगायला विसरले. ती मोकळी जागा मुलाच्या फोननं भरली. डिसेंबरच्या आधी एकदा बसून, गारठा वाढला तर कुंडी भिंतीला आणखी चिकटवा, गोणपाट बांधा, आत नेऊ नका, एवढं सांगितलं असतं तर सोप्यातले बारा दिवस टळले असते.

संत्र्याचं काय करता आलं असतं, हा प्रश्न काकांनी मला दोनदा विचारला. जुलैत पहिली पानं पिवळी पडली तेव्हाच ताटली काढून कुंडी वळचणीला घेतली असती, तर कदाचित. हिराकस आणि युरिया या दोन्हींनी मुळांचं काही भलं झालं नाही. कुजलेल्या मुळांवर युरिया टाकला की उरलीसुरली मुळंही भाजतात, आणि वर जी कोवळी फूट येते ती नागअळीसाठी जेवण होते.

पुढच्या वर्षी भाडेकरार संपतो आणि काका-काकू शहरात परतणार आहेत. त्या वेळी झाडं मार्चमध्ये न्यायची नाहीत असं आम्ही ठरवलं आहे. सावलीला सरावलेली पानं राजारामपुरीच्या उन्हात भाजतील. दिवाळी संपल्यावर न्यायची. पहिले पंधरा दिवस गच्चीवर टाकीच्या पूर्वेला, म्हणजे सकाळचंच ऊन लागेल. मग मोकळ्या उन्हात. काडी सोबत न्यायची आणि पाण्याचा अंतराल पुन्हा पहिल्यापासून पाहायचा, कारण तिथं तो आठ दिवसांचा राहणार नाही.